बाजदाराचा नातू

हमीदभाऊंच्या टपरीत दुरुस्तीला टाकलेले घड्याळ केव्हा परत मिळेल, हे कोणालाच निश्चितपणे सांगता येत नसे. मात्र आपण कोणता शिकारी पक्षी आहोत, हे गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे कळत असे. ही माहिती कोणी मागितलेली नसे. उजव्या डोळ्यात भिंग अडकवलेले तसेच ठेवून हमीदभाऊ मान वर करीत, समोरच्या माणसाकडे क्षणभर पाहत आणि निकाल देत. निकालाविरुद्ध दाद मागण्याची सोय नव्हती.

आरमोरीच्या बसस्थानकासमोर, एक पानठेला आणि एक पंक्चरवाला यांच्यामध्ये ही टपरी होती. नव्वदच्या दशकात बदली होऊन मी तेथील हायस्कुलात मराठी शिकवू लागलो, त्याच आठवड्यात माझ्या मनगटी घड्याळाने माझी साथ सोडली. मी टपरीसमोर जाऊन उभा राहिलो. हमीदभाऊ खाली मान घालून काम करीत होते. अशा वेळी माणसे खाकरतात, 'ओ भाऊ' म्हणतात किंवा निदान फळीवर बोटांनी टकटक करतात, हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होते. प्रत्यक्षात मला ते कधी जमलेले नाही. मी उभाच राहिलो.

"नवीन मास्तर ना तुमी?" बऱ्याच वेळाने मान वर न करताच त्यांनी विचारले.

"हो. आत्ताच आलो."

"आत्ता नाई. पंधरा मिनिटं झाले. मी पाहून राह्यलो." मग त्यांनी भिंगासकट माझ्याकडे पाहिले. "तुमी तितर."

मी धीर एकवटून विचारले, "तितर हा शिकारी पक्षी आहे का?"

"नाई," हमीदभाऊ म्हणाले. "त्याले खातेत."

पुढील अनेक वर्षांच्या स्नेहाची सुरुवात अशी झाली. साऱ्या आरमोरीत शिकारी पक्ष्यांच्या बाहेर वर्गीकरण झालेला मी एकटाच माणूस होतो, आणि मला त्याचे वाईट वाटल्याचे हमीदभाऊंना शेवटपर्यंत कळले नाही. किंवा कळले असेल. त्यांना काय कळत होते आणि काय नव्हते, याबद्दल बोलण्यासारखे बरेच आहे.

त्यांचे वर्गीकरण वरवर अपमानास्पद वाटले तरी त्यामागे अभ्यास होता. पक्षी दिसतो कसा, याला त्यांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. तो पोट कसे भरतो, एवढाच प्रश्न. "पिसं सगळ्यायलेच असतात मास्तर. पंजा कवा सोडते, ते पाहा." या कसोटीवर आमचे हेडमास्तर घार ठरले होते, कारण घार स्वतःहून काही मारण्याच्या भानगडीत फारशी पडत नाही, उघड्यावर राहिलेले उचलते. हेडमास्तर शिक्षकांच्या खोलीत येऊन गेल्यावर आम्ही आपापले डबे मोजत असू, त्यामुळे हा निकाल आम्हाला मान्य होता. कचेरीतले एक वरिष्ठ बाबू कापशी होते. कापशी ही लहानखुरी पांढुरकी घार शेताच्या वर हवेत एका जागी पंख मारत थांबते, खाली पाहते, थोडी उतरते, पुन्हा थांबते. "उडते म्हणाव तर उडत नाई, बसते म्हणाव तर बसत नाई. कागद हातात घेऊन पाहून राह्यला, पाहून राह्यला. खालचा उंदीर म्हातारा होऊन जाते." विमा एजंट मोहोळघार होते. मोहोळघार मधमाश्यांच्या पोळ्यात तोंड घालते. माश्या चावतात, पण तिच्या तोंडावरची पिसे खवल्यांसारखी दाट असतात, त्यामुळे तिला काही वाटत नाही. एजंटांना दारातून कितीही वेळा हाकलले तरी त्यांनाही काही वाटत नसे.

सर्वांत वरचा मान मात्र मेन रोडवरच्या कापड दुकानदार दांपत्याला होता. ससाण्यांची जोडी कधी कधी मिळून शिकार करते, असे हमीदभाऊ सांगत: एक खालून पाखराला उठवतो, बिथरवतो, मोकळ्यावर आणतो, दुसरा वरून सूर मारतो. दुकानदार रस्त्यावर उभे राहून "या ना बाई, पाहायले काय पैसे लागतेत" म्हणत, आणि बिचारी बाई उंबरा ओलांडते न ओलांडते तोच आतून त्यांची पत्नी साडीची घडी हवेत उलगडून तिच्या खांद्यावर सोडत असे. "पाह्यलं?" हमीदभाऊ टपरीतून मला दाखवत. "एक बी झडप वाया नाई. खरा ससाणा नऊदा चुकते तवा एकदा खाते. या बाईले अल्लानं जादाचं देलं आहे."

ही विद्या त्यांच्याकडे आजोबांकडून आली होती. आजोबा कुरखेड्याकडच्या एका जमीनदारांकडे बाजदार होते. म्हणजे शिकारीसाठी बाज आणि शिकरे पकडून आणायचे, माणसाळवायचे आणि मालकाच्या मुठीवरून तितरांवर सोडायचे, हे त्यांचे काम. जमीनदारी गेली, बाज गेले, आणि हमीदभाऊंचे वडील घड्याळे दुरुस्त करू लागले. आजोबांविषयी हमीदभाऊ एवढेच सांगत. एरवी एका झडपेवर अर्धा तास बोलणारा हा माणूस आजोबांवर एका वाक्यात का थांबतो, हे विचारण्याइतका मी धीट नव्हतो. स्वतः त्यांनी मात्र कधी पोपटसुद्धा पाळला नाही. कोणी शिकऱ्याचे पिल्लू विकायला आणले की ते त्याला अशा शब्दांत हाकलत, की ते शब्द मराठीच्या शिक्षकाने लिहू नयेत.

दर रविवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या मामा तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावावर, जात असू. त्या तलावाच्या पाळीवर बसून मी जे शिकलो, ते कोणत्याही वर्गात शिकलो नाही. हिवाळ्यात पाण्यावर बदके आणि पाणकोंबड्या असत, आणि त्यांच्यावर भोवत्या नावाचा एक शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांना घासून गस्त घालत असे. त्याला हमीदभाऊ 'जमादार' म्हणत. जमादार सरळ कोणावर झडप घालत नाही; सगळ्यांना वारंवार उठवतो, आणि जो उठायला उशीर करील, ज्याच्या पंखात काही खोट असेल, त्याला हेरतो. मासेमार कैकर येई. तो पाय पुढे करून धप्पकन पाण्यात शिरायचा आणि मासा घेऊन वर आला की उडता उडता त्याचे तोंड पुढच्या दिशेला वळवून धरायचा. "असं काऊन करते सांगा?" मी म्हणालो, वाऱ्याला विरोध कमी व्हावा म्हणून. "बरोबर. तुमी सायकलवर सूप आडवं बांधून नेसान तर पडसान. मास्तर झाले तरी पडसान."

यात माझी परीक्षाही असे. पक्षी दिसला की हमीदभाऊ स्वतः काही बोलत नसत, मला विचारत. "बोला. शेपटीवर पट्टे किती? डोळ्याचा रंग? छातीवर रेघा उभ्या का आडव्या? बसला कसा, उभा का वाकून?" मी चुकत असे. पहिल्या वर्षी तर मी एका पावशाला शिकरा म्हणालो. पावशा दिसायला शिकऱ्यासारखाच असतो हे खरे, पण हमीदभाऊंनी ती गोष्ट पानठेल्यावर सांगितली आणि आठवडाभर लोक मला "पेर्ते व्हा" म्हणत होते.

हळूहळू मी चुकेनासा झालो. निदान मला तसे वाटू लागले. "पिवळे पाय, डोळा लाल, छातीवर तांबूस आडव्या रेघा," असे मी म्हणालो की हमीदभाऊ मान डोलावत आणि म्हणत, "बरोबर." मग त्या शिकऱ्याच्या मनात आता काय चालले असेल, यावर त्यांचे विवेचन सुरू होई. पुढे पुढे तर मी प्रत्येक वेळी बरोबर असे. माझ्यासारख्या माणसाला आयुष्यात सलग इतक्या वेळा 'बरोबर' ऐकण्याची सवय नसते. मी मनातून फार सुखावलो होतो. मला दिसायच्या आधी त्यांना कळायचे, हेही मला त्यांच्या विद्येचेच लक्षण वाटे. झाडावर खार चिरकली, मैना एकदम गप्प झाल्या की ते म्हणत, "आला. पाहा, आंब्यात कुठी बसला." मी शोधत असे, आणि तो तिथे असे.

त्याच सुमारास शाळेच्या घड्याळाचे प्रकरण घडले. व्हरांड्यातले मोठे घड्याळ हमीदभाऊंकडून दुरुस्त होऊन आले आणि आमची शाळा लवकर सुटू लागली. मोठा काटा बारावर आला की लहान काटा चार आणि पाच यांच्या बरोबर मध्ये उभा राही. आमचा शिपाई बापूराव आशावादी स्वभावाचा होता. तो त्याला पाच समजून घंटा देई. विद्यार्थ्यांनी तक्रार केली नाही. शिक्षकांनीही केली नाही. आठव्या दिवशी, घरी गेल्यावर आपल्याला चहा तयार का मिळत नाही, असा प्रश्न हेडमास्तरांना पडला, आणि त्यांनी मला टपरीवर धाडले.

"घड्याळ बरोबर आहे," हमीदभाऊ म्हणाले. "तुमचा बापूराव घाईचा आहे."

तरी त्यांनी काटे काढले. पुन्हा बसवताना ते मधली बारीक दांडी बोटाच्या टोकाने चाचपत होते. लहान काटा हातातून सुटून फळीवर पडला. तो पडला डावीकडे, आणि हमीदभाऊ तळहाताने उजवीकडची फळी हळूहळू पुसत राहिले. मी काटा बोटाने त्यांच्या हाताखाली सरकवला. त्यांनी तो उचलला. मला वाटले, विचारात असतील.

यानंतरच्या रविवारी तलावापलीकडच्या वाळलेल्या मोहाच्या फांदीवर मला एक मोठा, काळपट पक्षी दिसला. हमीदभाऊंना सायकलच्या मागे बसवून मीच नेत असे; गुडघा दुखतो म्हणून त्यांनी सायकल सोडली होती. मी कुजबुजलो, "बसलाय. मोठा आहे. मान खांद्यात. काळपट, खाली थोडे पांढरे. सर्पगरुड असावा."

हमीदभाऊंनी कपाळावर हात धरून त्या दिशेला पाहिले. "बरोबर," ते म्हणाले. "सापावर नजर आहे त्याची. पाहा, हालत नाई. खानदानी आहे. हा घारीसारखा उठला का सुटला असा नाई. साप बिळातून पुरा बाहेर येऊ देईन, मंग उतरन. डोक्यावर पाय ठेवन."

आम्ही पंधरा मिनिटे बसलो. सर्पगरुडाच्या संयमावर, सापाच्या मूर्खपणावर आणि एकूणच घाई न करण्यातल्या शहाणपणावर मी बरेच काही ऐकले. मग वारा आला. सर्पगरुड फांदीवर फुगला, फाटला, त्याचा एक कान मोकळा होऊन फडफडला आणि तो पाण्यावरून तरंगत आमच्या बाजूला आला. ती कापड दुकानाची काळी प्लास्टिकची थैली होती. पांढरे दिसत होते ते दुकानाचे नाव.

मी हसणार होतो. वळून पाहिले, तर हमीदभाऊ अजून त्या रिकाम्या फांदीकडेच पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर तोच जाणकार भाव होता.

"उडला का?" त्यांनी विचारले.

"उडाला," मी म्हणालो.

"उतरला कुठी?"

"गवतात."

"सापडला असन साप," हमीदभाऊ समाधानाने म्हणाले.

परतताना ते मागे बसून गुणगुणत होते आणि मी पायडल मारत मागच्या दोन वर्षांतले माझे 'बरोबर' एकेक करून मनातून काढून टाकत होतो. मला शिकवले जात नव्हते. मला विचारले जात होते.

त्या आठवड्यात एका दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. जेवणाच्या सुट्टीत हमीदभाऊ टपरीतली घड्याळे डब्यात घालून घरी नेत, हे मला माहीत होते. चोरीची भीती, असे ते सांगत. अंगणात, ऊन पडेल अशा जागी, त्यांच्या पत्नी जमीलाभाभी चटईवर बसल्या होत्या. त्यांच्यापुढे लाकडी तबकात एक उघडे मनगटी घड्याळ होते आणि हातात चिमटा. शाळेची पायरी न चढलेल्या भाभींच्या उजव्या डोळ्यात हमीदभाऊंचे भिंग होते. हमीदभाऊ भिंतीला टेकून दुसरे एक घड्याळ कानाशी धरून बसले होते.

"डाव्या अंगाचा स्क्रू पहिले. लहानवाला."

"मले दिसते. तुमी गप बसा."

"जोर नको लावू."

"गेल्या वर्सापासून लावून राह्यली का मी जोर?"

मग त्यांना मी दिसलो. भाभींनी जवळचे सूप उचलून घड्याळावर पालथे घातले, जसे काही खाली कोंबडीची पिल्ले होती. भिंग मात्र डोळ्यातच राहिले होते. त्या अवस्थेत त्यांनी मला, "या भाऊ, चहा ठेवते," असे म्हटले.

हमीदभाऊ नमाजाला गेल्यावर भाभी बोलल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितले होते, ऑपरेशन करून घ्या, फार पिकू देऊ नका. "मले दिसते, म्हणतेत. भिंत धरून संडासले जातेत आन् म्हणतेत मले दिसते. गावात मालूम झालं तर घड्याळ कोण देईन भाऊ आमाले? माझ्या भरोशावर देतीन का? पुढच्या महिन्यात शिबिर आहे, फुकटात आहे. मी म्हटलं तर ताट सोडून उठले. तुमी सांगा. तुमचं ऐकतीन."

माझे कोणी ऐकते, ही कल्पनाच मला नवी होती. मी तीन दिवस तयारी केली. नेत्रदोष, वैद्यकशास्त्राची प्रगती, कुटुंबप्रमुखाची जबाबदारी असे मुद्दे काढले, आणि रविवारी पाळीवर बसल्यावर, भोवत्याची पहिली फेरी संपताच, सुरू केले. हमीदभाऊंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "हे पंधरा ऑगस्टले वाचजा. इथी तुमचा आवाज ऐकून पाणकोंबड्या उडून जातीन. मले दिसते, मास्तर."

मग माझ्या तोंडून जे निघाले त्याची मी तयारी केली नव्हती.

"त्या दिवशीचा तो सर्पगरुड नव्हता, हमीदभाऊ. ती प्लास्टिकची थैली होती."

तलावावर जमादाराने बदकांना उठवले, बदके एक चक्कर मारून पुन्हा पाण्यावर बसली.

"किती वेळ पाह्यली आपण?"

"पंधरा मिनिटे."

"आन् मी काय म्हटलं होतं?"

"खानदानी आहे, म्हणाला होता."

हमीदभाऊंचे खांदे हलू लागले. ते हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला, ते पाळीवर आडवे झाले, उठले, "थैली खानदानी," असे म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले. डोळ्यांतून पाणी आले तेव्हा त्यांनी टोपी काढून तोंड पुसले आणि पुसतच राहिले.

"तुमाले तवाच समजलं होतं?"

"हो."

"मंग बोल्ले काऊन नाई?"

"मी तितर आहे ना," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात शोधला. पहिल्या प्रयत्नात त्यांना तो सापडला नाही. "पानठेल्यावर सांगू नका," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "टाका नाव यादीत."

शिबिराच्या लोकांची ऑपरेशने गडचिरोलीला सरकारी दवाखान्यात होणार होती. मी रजा काढून सोबत गेलो. वॉर्डात वीसेक खाटा होत्या आणि दुपारी चारपर्यंत हमीदभाऊंनी त्यातल्या बहुतेकांचे पक्षी ठरवून टाकले होते. डोळ्यांनी दिसत नसले तरी आवाज आणि चाल यांवरून काम भागते, असे त्यांनी मला समजावले. मोठ्या सिस्टर शिकरा: "चपला वाजत नाईत. एकदम खाटेपाशीच येते. हे शिकऱ्याचं काम." आपल्या डोळ्यात भिंग बसवणार हे कळल्यावर तर त्यांना फार आनंद झाला. "आजवर बाहेरून लावत होतो, आता आतून. जमीला, तुले तुझं भिंग वेगळं." भाभी त्यांना गप्प करून चहा आणायला खाली गेल्या.

पाचच्या सुमारास शिकरा आला. सिस्टरांच्या हातात ट्रे होता आणि त्यात कात्री आणि इतर काही साहित्य होते. "पापणीचे केस कापायचे आहेत काका. उद्या टाके घालतील तेव्हाही काही दुखत नाही, घाबरू नका," असे त्या सवयीने म्हणाल्या. हमीदभाऊंनी ट्रेच्या दिशेला मान वळवली. मग ते खाटेवरून उतरले आणि भिंतीला हात लावत बाहेर व्हरांड्यात चालू लागले.

मी मागे गेलो. ते कठड्याला धरून उभे होते.

"सुई आहे का त्याच्यात?"

"असेल. डोळा सुन्न करतात, तुम्हाला कळणारही नाही."

"असंच म्हणतेत," हमीदभाऊ म्हणाले. मग खूप हळू, जणू टपरीत कोणी गिऱ्हाईक ऐकेल अशा आवाजात, त्यांनी ते सांगितले. नवा पकडलेला शिकरा माणूस दिसला की फडफडून जीव सोडतो. म्हणून त्याच्या खालच्या पापण्यांत सुईने धागा ओवतात, दोन्ही टोके वर घेऊन डोक्यावर बांधतात. पापण्या वर ओढल्या जातात, डोळे बंद. पक्षी शांत होतो. मग त्याला आवाजाची, हाताची सवय करतात.

"आजोबा सुई धरे. पक्षी धरायले मी. आठ-नऊ वर्साचा असन. दोनी हातांत असा दाबून धरायचा, पंख मिटून. त्याचं काळीज माझ्या बोटाले वाजे. इतकं तेज घड्याळ मी अजून पाह्यलं नाई. आजोबा म्हणे, त्याले दुखत नाई. मी बी त्याले म्हणे, दुखत नाई रे." ते थांबले. "मले काय मालूम होतं मास्तर, दुखते का नाई."

खाली आवारात रिक्षावाले भांडत होते. हमीदभाऊ कठडा दोन्ही हातांनी धरून होते आणि मला भीती वाटली, की हा माणूस आता पायऱ्या उतरेल, बसस्थानकापर्यंत भिंती चाचपत जाईल, आणि त्याला थांबवणे माझ्याच्याने होणार नाही.

"मग तो धागा," मी विचारले, "तसाच ठेवत?"

"नाई. सोडत. रोज जरासा ढिला. दहा-बारा दिवस. पुरा सोडायच्या रोजी आजोबा सगळ्यायले घराबाहेर काढे. मले बी. दार लावून एकटा त्याच्यासमोर बसे. म्हणे, डोळे उघडल्यावर पहिलं तोंड ज्याचं दिसन, पाखरू त्याचं होते." त्यांनी कठड्यावरून हात फिरवला. "खरं का खोटं, अल्ला जाने. पण आजोबा गेल्यावर त्याचा शिकरा कोणाच्या हातावर आला नाई."

वॉर्डातून सिस्टरांची हाक आली. हमीदभाऊ वळले, पण जागचे हलले नाहीत.

"परवा पट्टी सोडतीन. तवा तुमी समोर राहू नका, मास्तर. वाईट वाटून घेऊ नका. डाक्टरले बी जरा बाजूले घेजा. जमीलाले बसवजा समोर."

"त्यांना काय सांगू?"

"काईच नाई. सांगसान तर हासन. मंग गावभर सांगन." मग त्यांनी माझा खांदा धरला आणि आम्ही आत गेलो.

दुसऱ्या दिवशी एका डोळ्याचे ऑपरेशन झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीवर आले. आयुष्यात प्रथमच मी अनोळखी माणसाला, तेही डॉक्टरांना, "आपण कृपया जरा या बाजूला उभे राहता का," असे म्हणालो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले आणि कशासाठी ते न विचारता ते खाटेच्या उशाकडे सरकले. भाभी पाण्याचा डबा भरायला निघाल्या होत्या. मी स्टूल ओढून खाटेसमोर ठेवले.

"मी काय करू तिथी बसून, भाऊ? नळ जाईन."

"बसा," मी म्हणालो. तेही मी कधी कोणाला म्हटले नव्हते.

त्या डबा मांडीवर घेऊन बसल्या, ओढणी सारखी करत, चेहऱ्यावर नळ जाण्याची चिंता. सिस्टरांनी पट्टी सोडली, कापूस काढला, डोळा पुसला. हमीदभाऊंनी तो लगेच उघडला नाही. उघडला तेव्हा त्यातून पाणी वाहत होते. डॉक्टरांनी बाजूने हात पुढे करून विचारले, "काका, किती बोटं आहेत?"

हमीदभाऊंनी बोटांकडे पाहिलेच नाही. ते समोर पाहत होते. भाभी अवघडल्या.

"काय पाहून राह्यले असे? डाक्टर काय म्हणून राह्यले, ऐका ना."

"सरक तिकडं जराशी," हमीदभाऊ म्हणाले. "उजेड अडवून बसली."

भाभींना राग आला. त्या डबा सावरत उठू लागल्या. पण त्यांना उठता आले नाही, कारण ओढणीचे टोक हमीदभाऊंच्या मुठीत होते.